विनाकारण वाजणारी गाडी

आमची गाडी रडायची ती फक्त माहेरच्या दारात. बारामतीत आठवडाभर ती शाळेच्या कुंपणाला लागून उभी असायची. पोरं दप्तरं घासत जायची, एकदा कुणाचा तरी चेंडू सरळ मागच्या काचेवर बसला, पण तिनं हूं की चूं केलं नाही. रविवारी इंदापूरला वडिलांच्या गल्लीत नेऊन लावली, की तासाभरात तिचा अलार्म सुरू. आजूबाजूला माणूस नाही, मांजर नाही, वारा नाही, आणि ही आपली दिव्यांची उघडझाप करत "टिव टिव टिव टिव" करून सगळी गल्ली गोळा करायची. मी हातातलं लाटणं टाकून रिमोट शोधत पळायची. बटण दाबलं की गप्प. दोन तासांनी पुन्हा तेच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे "विनाकारण वाजतो हो" हे वाक्य माझ्या तोंडी शोभत नव्हतं, पण येईल त्याला मी तेच ऐकवत होते. आणि ते ऐकून सगळ्यात जास्त चिडायचे ते माझे वडील, आमचे आबा.

आबांना 'विनाकारण' या शब्दाचं वावडं. माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात एक गोष्ट पक्की झालेली होती: जे काही होतं त्याला कारण असतं. हे असलं की ते होतं, हे गेलं की ते जातं. विहारात भन्तेजी हे पालीतून सांगायचे, आबा एसटीच्या भाषेत सांगायचे. उभा जन्म त्यांनी एसटीत ड्रायव्हरकी केली. "गाडी इनाकारण बंद पडली म्हणणारा ड्रायव्हर मी ड्रायव्हरात धरत न्हाय," ते म्हणायचे. "कारण असतंयच. तुला घावलं न्हाय, एवढंच म्हण." लहानपणी मला नुसतं रडायचीही सोय नव्हती. पोट दुखतंय का, भूक लागली का, कुणी मारलं का, अशी बॉनेट उघडून तपासणी व्हायची, आणि तपासणीच्या कंटाळ्यानं मी रडणं थांबवायची.

असा हा माणूस त्या दिवसांत माझ्याशी तुटक वागत होता. त्याचं कारण मात्र मला शोधावं लागलं नाही. ते मीच होते.

झालं होतं असं. गाडी घेतली तेव्हा, जुनीच पण नीट सांभाळलेली, तिच्या दोन चाव्या मिळाल्या. एक मी ठेवली आणि दुसरी आबांच्या हातात दिली. "एक माझी, एक तुमची," म्हटलं. आई गेल्यापासून ते इंदापुरात एकटेच राहतात. रविवारी मी आले की गाडी त्यांच्या ताब्यात. कधी हायवेपर्यंत, कधी उजनीच्या पाण्यापर्यंत एक फेरी. स्टिअरिंगवर बसले की त्यांची पाठ ताठ व्हायची आणि मी शेजारी बसून पुन्हा सातवीतली पोर व्हायची. मग एके दिवशी निमगावच्या रस्त्याला आमच्यामागं उसाचा ट्रक लागला. तो हॉर्नवर हॉर्न देत होता आणि आबा रस्त्याच्या मधोमध, बैलगाडीच्या चालीनं, अगदी निवांत. मी म्हणतेय बाजूला घ्या, बाजूला घ्या. आबा समोर बघताहेत. शेवटी तो ट्रक डावीकडच्या मातीत उतरून आम्हाला चाटून गेला. मी त्यांचा दंड धरून, अगदी कानाशी ओरडले, "पुरे झालं आता तुमचं ड्रायव्हिंग!"

आबांनी गाडी कडेला घेतली. उतरले, फिरून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून धरून उभे राहिले. मी उतरून ड्रायव्हरच्या सीटवर गेले. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि मीही "घ्या" म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी फोन केला. "आबा, चुकलं माझं. मी असं बोलायला नको होतं. मला माफ करा." तिकडून एवढंच, "बरं हाय. ठेवतो." आणि फोन बंद. मी तोंडाची तिखट, माफी मागायची मला सवय नाही. मागितली आणि ती अशी परत आली, हे मला फार लागलं. पुढचा प्रत्येक फोन तसाच. मी शाळेतलं, घरातलं सांगत राहायची आणि मध्येच "बरं हाय, ठेवतो." पूर्वी हाच माणूस कुणाच्या गाडीचा टायर कुठं फुटला इथपासून सुरुवात करायचा. मी समजून चुकले, आबांनी मला माफ केलेलं नाही. दर रविवारी मी पन्नास किलोमीटर जायची, स्वयंपाक करायची, शेजारी बसायची आणि तो विषय सोडून बाकी सगळं बोलायची. असं वर्ष गेलं.

नंतर बारामतीत आमच्या शाळेजवळ कुणाची तरी गाडी फोडली, म्हणून मी घाबरून अलार्म बसवून घेतला. त्याबरोबर दोन रिमोट आले. एक माझ्या चावीला, दुसरा आबांच्या चावीला लावायला त्यांच्या हवाली केला. त्यांनी बघितला, "बरं," म्हणाले, खिशात टाकला. त्या चावीबद्दल आमच्यात बोलणं होत नसल्यामुळे पुढं तिचं काय झालं हे मी विचारलं नाही.

अलार्म विनाकारण वाजायला लागला, तेव्हा मी आधी ज्यांनी तो बसवला त्या मिस्त्रींकडे गेले. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी बॉनेटखालचं बटण बघितलं, चारी दारांची बटणं बघितली, बॅटरी तपासली. धक्का लागला की वाजणारा जो सेन्सर असतो तो इतका मंद केला की, त्यांच्या शब्दांत, "आता हत्तीनं टक्कर दिली तरच वाजंल." चार दिवस गाडी त्यांच्या दारात होती, एकदाही वाजली नाही. रविवारी इंदापूरला गेले आणि भाकरी तव्यावर असताना वाजली.

"मॅडम, माज्याकडं लई गुणाची हाय ही," मिस्त्री पुढच्या वेळी म्हणाले. "माहेरी गेल्यावरच रडती म्हंजी हितं तिला सासुरवास हाय. छळताय का काय?" मग गंभीर होऊन विचारलं, "दुसरा रिमोट कुठं हाय?"

"वडिलांच्या ट्रंकेत असेल," मी म्हणाले.

"मंग तसलं काय न्हाय," म्हणाले आणि त्यांनी गाडीच्या सगळ्या वायरी पुन्हा एकदा बघितल्या.

इंदापुरात आबांच्या शेजारच्या काकूंचं निदान पहिल्या दिवसापासून तयार होतं. नजर. एका रविवारी बघते तर गाडीच्या पुढच्या बंपरला लिंबू-मिरची. आबांनी ती सोडली, लिंबू हातात घेऊन दाबून बघितलं आणि मला म्हणाले, "रसाचं हाय. कांद्यावर पीळ." जेवताना ते लिंबू आम्ही खाल्लं आणि त्यातली अर्धी फोड जेवायला बोलावलेल्या काकूंनाही वाढली. काकूंनी ओळखलं, पण पानावरचं टाकायची त्यांना सवय नव्हती. जेवून हात धुते न धुते तोच अलार्म पुन्हा वाजला आणि काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "खा अजून!"

मी धावत जाऊन तो बंद केला आणि धापा टाकत ओसरीत आले. आबा आपल्या कोपऱ्यात बसले होते. मला म्हणाले, "ही टिटवी बी आजकाल भर दुपारची वरडती." मी एवढी घामाघूम, गल्ली सगळी दारात, आणि हे पाखरांच्या गोष्टी करताहेत. मला वाटलं, माझ्याशी बोलायचं नाही म्हणून विषय बदलतात. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "अलार्म वाजला, आबा! विनाकारण!"

हे त्यांना नीट पोचलं, कारण मी समोर उभी राहून, हातवारे करून बोलले होते. त्यांनी मान हलवली. "इनाकारण म्हणू नगं. नोंद ठेव. डेपोत वही असायची, गाडीची तक्रार लिवायची. एकच तक्रार तीनदा आली की कारण आपसूक वर येतं."

वैज्ञानिक पद्धत मला, विज्ञानाच्या बाईला, एसटीच्या निवृत्त ड्रायव्हरनं शिकवावी! पण पटलं. शाळेची एक कोरी वही आणली आणि रकाने आखले. वाजल्याची वेळ, ऊन की सावली, गाडीजवळ कोण, घरात कोण काय करत होतं, आणि शेवटी 'कारण'. हा शेवटचा रकाना चार रविवार रिकामा राहिला.

पाचव्या रविवारी नेहमीप्रमाणे वाटेत निमगाव केतकीला थांबले. तिथल्या मळ्यांतली खायची पानं आबांना लागतात. मी दर रविवारी त्यांच्यासाठी ताजी पानं घेते. ती नेऊन दिली की ते चंची उघडतात. चंची म्हणजे पानसुपारीची कापडी पिशवी, कप्प्याकप्प्यांची. जुनी पानं काढायची, नवी पुसून भरायची, एक लावून खायचं, मग सगळी गुंडाळी करून दोरीनं करकचून आवळायची आणि मांडीखाली सारायची. त्यांचं हे चाललेलं असताना मी वही चाळत बसले. पहिली नोंद: आबा पान खात होते. दुसरी: आबा चंची बांधत होते. तिसरी: पान. चौथी: चंची. मला हसू फुटलं. काकूंना सांगायला हवं, म्हटलं, नजर पानाची आहे. तेवढ्यात आबांनी दोरीचा शेवटचा वेढा आवळला, चंची मांडीखाली सारली, आणि बाहेर गाडी ठणाणा करायला लागली.

माझं हसू तसंच राहिलं. मांडीबाहेर राहिलेल्या चंचीच्या गुंडाळीतून चावीचं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं. चावी ट्रंकेत नव्हती. ज्या चावीनं गाडी चालवायला मी बंदी केली होती, ती आबा सुपारीशेजारी, सतत अंगाशी ठेवत होते. ताजी पानं भरली की चंची टम्म व्हायची, दोरी आवळली की रिमोटवरचं अलार्म वाजवायचं बटण दाबलं जायचं. ती पानं दर रविवारी मीच तर आणून देत होते.

पण मी हललेच नाही, ते त्यामुळे नाही. गाडी दारात कोकलत होती, माझे कान बधिर होत होते, आणि आबा चुन्याचं बोट पुसत शांतपणे म्हणाले, "आली बग टिटवी."

मी अलार्म बंद केला नाही. मुद्दाम. काकू फाटकात आल्या, हातानं "अगं बंद कर" म्हणाल्या. आबांची नजर काकूंवर गेली, मग माझ्यावर, आणि ते लगबगीनं उठत म्हणाले, "वाजला व्हय?" इतके महिने ते असंच करत होते. लोक उठले की उठायचं, लोक बघतील तिकडं बघायचं. माझ्या लक्षात आलं आणि त्यांच्याही लक्षात आलं, की ते माझ्या लक्षात आलंय. त्यांचा चेहरा असा पडला, की तो आठवला तरी मला आजही रडू येतं.

मी गाडी गप्प केली, काकूंना "काही नाही" म्हणून घरी पाठवलं आणि त्यांच्याजवळ येऊन बसले. बोलायचं तर ओरडावं लागलं असतं आणि गल्लीनं ऐकलं असतं. म्हणून वही उघडली आणि 'कारण'च्या रकान्यात लिहिलं: चावी चंचीत, दोरी आवळली की बटण दाबतं. वही त्यांच्यापुढं केली. त्यांनी चष्मा लावून वाचलं. चंचीची दोरी सोडली, चावी काढून बघितली, पुन्हा वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली, एसटीच्या वहीत लिहायचे त्याच सरळ अक्षरात लिहिलं:

"डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्याने थोडे. फोनवर नाही. अंदाजे दोन वर्षांपासून." आणि खाली सवयीनं सही केली.

मी 'फोनवर नाही' हे दोन शब्द वाचत राहिले.

"सांगायचं तरी, आबा," मी त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाले.

"काय सांगायचं? कान गेल्याल्या ड्रायव्हराला कोण इचारतंय. चावी मागून घेतली असतीस." आणि त्यांनी ती चावी माझ्यापुढं धरली. "घे."

मी तिला लावलेला रिमोट तेवढा काढून घेतला आणि चावी त्यांच्या मुठीत ठेवून मूठ मिटली. ड्रायव्हरनं चावी जवळ ठेवायला स्टिअरिंगवर बसायलाच हवं असं कुठं आहे? त्यांनी ती पुन्हा सुपारीच्या कप्प्यात ठेवली.

पुढच्याच आठवड्यात त्यांना बारामतीला आणलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वय आहे, आणि आयुष्यभर इंजिनाशेजारी बसणंही आहे. बारीक, तीव्र आवाज आधी जातात. दोन्ही कानांना यंत्रं बसली. दवाखान्याबाहेर गाडीपाशी आलो तेव्हा मी म्हटलं, "आबा, ऐका," आणि रिमोट दाबला. ते दोन पावलं मागं उडाले, दोन्ही हात कानांवर. "आरं तिच्या! एवढा वाजतोय व्हय? आन् मी हितं पान खात बसायचो?" तिथं रस्त्यावर उभं राहून आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग हसता हसता ते थांबले. "मंग टिटवी?"

"टिटवी नव्हतीच, आबा. हीच होती."

"मला वाटायचं, बाकीची पाखरं गेली, ही एक ऱ्हायलीय ऐकाया," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

इंदापूरच्या वाटेवर काटेवाडी गेली, लासुर्णे गेलं. मागून येणाऱ्या प्रत्येक हॉर्नला ते वळून बघत होते. निमगाव ओलांडल्यावर, जिथं तो ट्रक आम्हाला चाटून गेला होता, तिथं मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. आता ऐकू येतंय म्हटल्यावर मला सुटका नव्हती.

"आबा, त्या दिवशी मी इथं तुम्हाला नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी फोनवर माफी मागितली होती. ती तुम्हाला ऐकू आली नसणार. मला माफ करा."

त्यांनी वळून मागच्या रस्त्याकडं बघितलं.

"तो ट्रक हॉर्न देत हुता?"

"किती वेळ. मी पण सांगत होते, बाजूला घ्या म्हणून."

"मला वाटलं, मोकळा रस्ता हाय, मी नीट चालवतोय," आबा म्हणाले. मग खाली बघून, हळू, "मला वाटलं, तू माज्यावर इनाकारण वरडलीस."

तो शब्द आबांनी स्वतः एखाद्या गोष्टीला लावलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. दीड वर्ष तो त्यांनी माझ्यापायी पोटात ठेवला होता. मी त्यांचा हात धरला.

"कारण इचारायला पायजे हुतं मी," ते म्हणाले. "एवढा शाना म्हणवतो सोताला."

"मीही विचारायला हवं होतं."

"बरं हाय," आबा म्हणाले, आणि कानातलं यंत्र बोटानं नीट बसवत माझ्याकडं वळले. "आता सांग. फोनवर काय काय सांगत हुतीस दीड वरीस?"

मी गाडी सुरू केली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.